दुकानदाराने बांधलेल्या शाळा : ज्युलियस रोझेनवाल्ड आणि आमच्या वाचनालयाचे छप्पर

पोसरकार डिचोली

आमच्या गावच्या वाचनालयाच्या छपराचे वासे वाळवीने पोखरले आहेत आणि गेल्या पावसाळ्यात जुन्या मासिकांची दोन कपाटे भिजली. मूळचे आमच्याच वाड्यावरचे आणि आता म्हापशात मोठे दुकान असलेले एक सद्गृहस्थ छपराचा सगळा खर्च एकट्याने उचलायला तयार आहेत. कार्यकारिणीतल्या बहुतेकांना ते ऐकून हायसे वाटले. मी मात्र त्यांच्याकडून तिसरा हिस्सा घ्यावा आणि उरलेले पैसे गावातून उभे करावेत असे सुचवले, पण बैठकीत मला माझे म्हणणे धड मांडता आले नाही. ते ज्या माणसाच्या चरित्रावरून माझ्या मनात आले, त्याच्याविषयी इथे लिहितो. वडिलांच्या मागे मी किराणा मालाचे दुकान चालवतो, त्यामुळे हा माणूस मला आधी दुकानदार म्हणून आवडला आणि दाता म्हणून नंतर.

ज्युलियस रोझेनवाल्ड यांचा जन्म १२ ऑगस्ट १८६२ रोजी अमेरिकेच्या इलिनॉय राज्यातल्या स्प्रिंगफील्ड येथे झाला. वडील जर्मनीतून आलेले ज्यू. पाठीवर गाठोडे घेऊन दारोदार माल विकण्यापासून त्यांनी सुरुवात केली आणि पुढे तयार कपड्यांचे दुकान थाटले. ज्युलियस यांनी शाळा अर्धवट सोडली आणि १८७९ मध्ये ते न्यूयॉर्कला मामांच्या पेढीवर कपड्यांचा व्यापार शिकायला गेले. १८८५ मध्ये शिकागोला येऊन त्यांनी पुरुषांचे उन्हाळी सूट तयार करून विकण्याचा धंदा सुरू केला. रिचर्ड सिअर्स हे त्यांचे एक गिऱ्हाईक होते. सिअर्स मूळचे रेल्वे स्टेशनवर नोकरीला होते, टपालाने घड्याळे विकून वर आले होते आणि जाहिरात लिहिण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. १८९५ मध्ये रोझेनवाल्ड आणि त्यांचे मेहुणे आरन नुसबाऊम यांनी प्रत्येकी ३७,५०० डॉलर घालून ‘सिअर्स, रोबक’ या टपालाने माल विकणाऱ्या कंपनीची निम्मी मालकी घेतली.

सिअर्स यांच्या लेखणीमुळे मागण्या धो धो येत, परंतु माल वेळेवर जात नसे, चुकीचा जाई, परत येई. रोझेनवाल्ड यांनी आधी ही घडी बसवली. कॅटलॉगात लिहिलेले आणि पेटीतून निघालेले एकच असले पाहिजे, यावर त्यांचा कटाक्ष होता आणि जाहिरातींतली अतिशयोक्ती त्यांनी हळूहळू कमी करायला लावली. १९०६ मध्ये शिकागोच्या पश्चिम भागात सुमारे ४० एकरांवर कंपनीचे प्रचंड आवार उभे राहिले. तिथली एक पद्धत वाचून मी थक्क झालो. आलेल्या प्रत्येक मागणीला १५ मिनिटांची वेळ नेमून दिलेली असे. त्या वेळात एखाद्या खात्यातून वस्तू बांधणीच्या जागी पोहोचली नाही, तर ती वेगळी पाठवावी लागे आणि त्याचा भुर्दंड त्या खात्याच्या नावे पडे. सणासुदीच्या दिवसांत एका गिऱ्हाइकाच्या यादीतली हळद एकीकडे आणि गूळ दुसरीकडे राहिला म्हणजे काय होते, हे ज्याने अनुभवले आहे त्यालाच या नियमाचे मोल कळेल.

१९०८ मध्ये सिअर्स बाजूला झाले आणि रोझेनवाल्ड अध्यक्ष झाले. १९२१ च्या मंदीत कंपनी बुडायला आली तेव्हा त्यांनी स्वतःच्या संपत्तीतून सुमारे २ कोटी डॉलरची हमी देऊन ती सावरली. १९२४ पर्यंत ते अध्यक्षपदी होते.

आता मूळ मुद्दा. १९११ च्या मे महिन्यात शिकागोला त्यांची बुकर टी. वॉशिंग्टन यांच्याशी भेट झाली. वॉशिंग्टन गुलामगिरीत जन्मलेले होते आणि अलाबामा राज्यात टस्कीगी येथे कृष्णवर्णीयांसाठी मोठी शिक्षणसंस्था चालवत होते. १९१२ मध्ये आपल्या पन्नासाव्या वाढदिवसाला रोझेनवाल्ड यांनी ज्या देणग्या दिल्या, त्यांत टस्कीगीला २५,००० डॉलर होते. त्यातले थोडे पैसे उरले. ते परत करण्याऐवजी खेड्यांत कृष्णवर्णीय मुलांसाठी सहा लहान शाळा बांधून पाहाव्यात, असे वॉशिंग्टन यांनी विचारले आणि रोझेनवाल्ड यांनी होकार दिला.

लोचापोका या गावच्या पहिल्या शाळेचा हिशेब मी वहीत उतरवून ठेवला आहे. एकूण खर्च ९४२ डॉलर ५० सेंट. रोझेनवाल्ड यांचे ३०० डॉलर. गावातल्या कृष्णवर्णीय कुटुंबांनी जमिनीसाठी १५० डॉलर जमवले आणि १३२ डॉलर ५० सेंट किमतीचे अंगमेहनतीचे काम केले. तिथल्या गोऱ्या रहिवाशांकडून ३६० डॉलर आले. पुढे हीच रीत ठरली. जमीन सरकारी शाळामंडळाच्या नावे करायची, मंडळाने शाळा चालवायची, गावाने पैसा, लाकूड किंवा श्रम द्यायचे आणि मगच रोझेनवाल्ड यांचा हिस्सा मिळायचा. १९३२ पर्यंत पंधरा राज्यांत ४,९७७ शाळा, शिक्षकांसाठी २१७ घरे आणि १६३ कार्यशाळा उभ्या राहिल्या. एकूण खर्च सुमारे २ कोटी ८४ लाख डॉलर झाला. त्यात रोझेनवाल्ड निधीचे सुमारे ४३ लाख ६५ हजार, तर कृष्णवर्णीय लोकांचे सुमारे ४७ लाख २६ हजार डॉलर होते. कापसाच्या शेतात राबणाऱ्या माणसांनी शिकागोच्या कोट्यधीशापेक्षा अधिक दिले.

अलाबामाच्या ग्रीन काउंटीतली एका सभेची हकीकत निधीच्या कामाच्या नोंदींत आहे. गुलामगिरी पाहिलेला एक म्हातारा उठला, त्याने जन्मभराची शिल्लक एका मळक्या पिशवीतून काढून टेबलावर ओतली आणि नातवंडांच्या मुलांना तरी संधी मिळावी अशी इच्छा बोलून दाखवली. मोजल्यावर ती रक्कम ३८ डॉलर भरली. काही गावांत कुटुंबे शाळेच्या नावाने कापसाचा एक तुकडा वेगळा राखून पिकवत.

आमच्या वाचनालयाचा सगळा खर्च एकाच्या खिशातून झाला, तर असा तुकडा कोणी राखणार नाही, अशी भीती मला वाटते. आपणा सर्वांचे मत हवे आहे.

फोंडेकरीण

लेख मनापासून आवडला, परंतु एक बाजू तुम्ही फार लवकर ओलांडून गेलात. ती कृष्णवर्णीय कुटुंबे कर भरतच होती. त्या करातून गोऱ्यांच्या शाळा बांधल्या जात आणि यांच्या मुलांना पडक्या झोपडीत किंवा चर्चच्या कोपऱ्यात बसावे लागे. म्हणजे जी शाळा त्यांना हक्काने मिळायला हवी होती, तिच्यासाठी त्यांनी दुसऱ्यांदा पैसे मोजले. ही दुहेरी करआकारणी होती, अशी टीका अमेरिकन अभ्यासकांनी केलेली आहे आणि मला ती रास्त वाटते. शिवाय रोझेनवाल्ड यांनी गोऱ्या आणि कृष्णवर्णीय मुलांसाठी वेगळ्या शाळांची ती व्यवस्था मोडण्याचा प्रयत्न केला नाही, तिच्या आतच शाळा बांधल्या.

लोकसहभागाचे कौतुक करताना आपण हे विसरतो की गरिबाचा सहभाग त्याच्या पोटातून येतो. तुमच्या गावात काजूच्या बागायतीत रोजंदारीने जाणाऱ्या बाईने छपरासाठी शंभर रुपये दिले, तर त्या आठवड्याच्या बाजारातून काहीतरी कमी होईल. देऊ शकणारा माणूस समोर उभा असताना तिच्याकडून ते का घ्यायचे?

पोसरकार डिचोली

तुमचा आक्षेप मला मान्य आहे. त्या ३८ डॉलरांकडे केवळ कौतुकाने पाहण्यात माझी चूक झाली.

तरी एक आकडा मी सांगायचा राहिला. २ कोटी ८४ लाखांपैकी सुमारे १ कोटी ८१ लाख डॉलर, म्हणजे जवळजवळ चौसष्ट टक्के, सरकारी करातून आले. रोझेनवाल्ड यांचा वाटा सहाव्या हिश्श्याहूनही थोडा कमी होता. मंडळाने पैसे घातल्याशिवाय आणि शाळा आपली म्हणून चालवल्याशिवाय निधीचा डॉलर सुटत नसे. ज्या शाळामंडळांनी कृष्णवर्णीयांसाठी आजवर जवळजवळ काहीच खर्च केले नव्हते, त्यांचा हात त्यामुळे खिशात गेला. तेवढ्याने अन्याय दूर झाला नाही, हे खरेच. पण शाळा सरकारच्या दफ्तरात चढल्या आणि पगारी शिक्षक आले. त्यावरून सुचते की आमच्या पंचायतीकडेही हिस्सा मागायला हवा. बैठकीत ही गोष्ट कोणी काढली नव्हती, मीसुद्धा नाही. काजूच्या बागेतल्या बाईकडून पैसे घेऊ नयेत, हेही कार्यकारिणीला सांगेन.

मळा पणजी

मी पणजीला शिक्षिका होते. हा धागा वाचताना मला सारखा मुष्टिफंड आठवत होता. १९०८ मध्ये पणजीत ही संस्था सुरू झाली आणि तिच्या नावातच तिची रीत आहे. घरातल्या बाईने रोजचे तांदूळ शिजायला घेताना त्यातली एक मूठ शाळेसाठी बाजूला काढायची. पोर्तुगालमध्ये प्रजासत्ताक १९१० मध्ये आले, त्यानंतर गोव्यातल्या हिंदूंना बरोबरीचे नागरी हक्क मिळाले आणि मराठी शाळांचा विस्तार मोकळेपणाने होऊ लागला. म्हापशाचे सारस्वत विद्यालय १९११ चे, मडगावचे गोमंत विद्या निकेतन १९१२ चे. म्हणजे ज्या सुमारास अलाबामात त्या सहा शाळांची बोलणी चालली होती, त्याच सुमारास आपल्याकडेही परक्या राज्यात लोक आपल्या बळावर संस्था उभारत होते.

माझ्या आजीच्या स्वयंपाकघरात तांदळाच्या कोठीशेजारी एक पितळी डबा असे. त्याला मुष्टीचा डबा म्हणत. शाळेला तांदूळ देणे केव्हाच बंद झाले होते, तरी आजी मूठ टाकत राहिली आणि डबा भरला की तो देवळात पोहोचवत असे. फोंडेकरणीच्या प्रश्नाला माझे उत्तर एवढेच की, मूठ प्रत्येकाची सारखी नसते आणि त्या डब्यात किती पडले हे आजीला कधी कोणी विचारले नाही. वर्गणीचे आकडे फळ्यावर लिहू नका. आमच्या शाळेत एकदा ते लिहिले गेले आणि दोन मुले आठवडाभर शाळेत आली नाहीत. ती गोष्ट मला अजून सलते.

काउंटरवरून

पोसरकारांनी रोझेनवाल्ड आधी दुकानदार म्हणून आवडल्याचे लिहिले आहे, म्हणून दुकानातल्या माणसांविषयी लिहिते. मी नऊ वर्षे एका मोठ्या दुकानात काउंटरवर उभी राहिले आहे. पाय सुजत, बसायला स्टूल नसे आणि त्याच दुकानाचे मालक चतुर्थीला अनाथाश्रमात धान्य वाटत, त्याचे फोटो छापून येत.

१९१३ मध्ये इलिनॉयच्या सिनेट समितीपुढे रोझेनवाल्ड यांची साक्ष झाली होती. दुकानांत आणि कंपन्यांत तरुण मुलींना मिळणारे तुटपुंजे वेतन आणि त्यांच्यावर ओढवणारी वेश्याव्यवसायाची वेळ यांचा संबंध आहे का, हा चौकशीचा विषय होता. सिअर्समध्ये हजारो मुली कामाला होत्या. असा संबंध असल्याचे रोझेनवाल्ड यांनी मान्य केले नाही. एका वर्षापूर्वी वाढदिवसाला लाखो डॉलर वाटणाऱ्या माणसाचे हे उत्तर मला बोचते. पुढे १९१६ मध्ये त्यांनी कामगारांसाठी बचत आणि नफ्यातील वाट्याची योजना सुरू केली आणि तिचा अनेकांना म्हातारपणी चांगला आधार झाला, हेही नोंदवते. तरीसुद्धा म्हापशाच्या त्या सद्गृहस्थांकडून देणगी घेण्यापूर्वी त्यांच्या दुकानातल्या मुलींना बसायला काय आहे, हे कोणीतरी पाहून यावे.

उधारीची वही

माझा मुद्दा कॅटलॉगाचा. अमेरिकेच्या दक्षिणेत कापूस पिकवणारे कूळ मालकाच्या किंवा त्याच्या ओळखीच्या दुकानातून उधारीवर माल घेई. भाव दुकानदार सांगेल तो, व्याज तो लावील ते आणि पीक निघाले की हिशेब त्याच्याच वहीत. दुकानात आलेल्या कृष्णवर्णीयाला सगळ्या गोऱ्यांचे आटोपेपर्यंत थांबावे लागे. टपालाने आलेल्या जाड कॅटलॉगात मात्र सर्वांना एकच छापील भाव होता. १८९६ पासून खेड्यांत घरपोच टपाल सुरू झाले, १९१३ पासून पार्सलही येऊ लागले आणि हा मार्ग आणखी मोकळा झाला. आपले गिऱ्हाईक तुटते म्हणून काही गावांतल्या व्यापाऱ्यांनी कॅटलॉगांची होळीसुद्धा केली. धंदा म्हणूनच तो कॅटलॉग निघाला होता, पण त्याने त्या माणसाला मिंधेपणातून थोडे सोडवले. रोझेनवाल्ड यांच्या शाळांइतकेच हेही त्यांच्या चरित्रात यायला हवे.

माझे वडील सत्तरी तालुक्यात दुकान चालवत. गिऱ्हाइकाने दिलेल्या प्रत्येक पैशाची नोंद त्याच्यासमोर, त्याला वाचून दाखवून करायची, हा त्यांचा नियम होता. ज्याला वाचता येत नसे त्याच्या मुलाला बोलावून त्याच्याकडून वाचून घेत. त्या वह्या मी ठेवल्या आहेत. पानाच्या कडेला पेन्सिलीने केलेल्या मुलांच्या खुणा अजून दिसतात.

शिवोलीचा पुतण्या

या धाग्यात ज्या सद्गृहस्थांचा उल्लेख आहे, ते माझे काका आहेत. हे सर्व मी त्यांना वाचून दाखवले, म्हणून त्यांच्या वतीने चार शब्द लिहितो.

काकांनी नावाची अट घातलेली नाही. संगमरवरी पाटी नको, असे त्यांनी अध्यक्षांना पहिल्या दिवशीच सांगितले होते. ते आठवीपर्यंत शिकले. म्हापशाच्या बाजारात शुक्रवारी सुक्या मिरच्या आणि कोकम घेऊन बसत, तेव्हापासून त्यांचा धंदा वाढत गेला. त्या वाचनालयाच्या बाकावर बसून, वर्तमानपत्र मोठ्याने वाचून त्यांनी आपले मराठी सुधारले. त्यामुळे दोन हिस्से परत घ्या, असे कळवले गेले तेव्हा आपल्याला गावाबाहेरचे ठरवले, असे त्यांना वाटले. काउंटरवरून लिहिणाऱ्या ताईंचा निरोप मी पोहोचवला. आमच्या दुकानात चार स्टुले होती आणि माणसे अकरा आहेत. गेल्या सोमवारी आणखी सात आणली.

पोसरकार डिचोली

काकांना माझा नमस्कार सांगा. मी त्यांना आधी भेटायला हवे होते आणि मग बैठकीत बोलायला हवे होते. दुखावण्याचा हेतू नव्हता, पण दुखावले गेले हे खरे.

नावाचा विषय निघाला म्हणून रोझेनवाल्ड यांच्याविषयी आणखी थोडे सांगतो. शिकागोचे विज्ञान आणि उद्योग संग्रहालय त्यांच्या ३० लाख डॉलरच्या देणगीच्या वचनावर उभे राहू लागले, तेव्हा त्याला आपले नाव देऊ नये असा आग्रह त्यांनी धरला. संग्रहालय १९३३ मध्ये उघडले, पण ते पाहायला ते राहिले नव्हते. ६ जानेवारी १९३२ रोजी त्यांचे निधन झाले. कायमस्वरूपी निधी ठेवून व्याजावर संस्था चालवण्याला त्यांचा विरोध होता. आपल्या मृत्यूनंतर २५ वर्षांच्या आत मुद्दलासकट सगळे खर्चून टाकावे, अशी अट त्यांनी घातली आणि विश्वस्तांनी १९४८ मध्येच काम संपवून निधी बंद केला. दरम्यान त्या निधीने लेखक, चित्रकार, गायक यांना शिष्यवृत्त्या दिल्या. गायिका मारियन अँडरसन आणि कवी लँग्स्टन ह्यूज यांना त्या मिळाल्या होत्या. शाळांतून शिकलेल्यांत लेखिका माया अँजेलो आणि नागरी हक्कांच्या लढ्यातले जॉन लुईस आहेत. शिकागोच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतल्या दोन अर्थशास्त्रज्ञांनी २०११ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, दोन महायुद्धांच्या मधल्या काळात दक्षिणेच्या ग्रामीण भागात कृष्णवर्णीय आणि गोऱ्या मुलांच्या शिक्षणातले अंतर कमी झाले, त्यात या शाळांचा मोठा वाटा होता. १९५४ मध्ये वेगळ्या शाळा घटनाबाह्य ठरल्यावर त्यांतल्या बहुतेक इमारती ओस पडल्या.

काकांना माझी विनंती अशी : छपराचा तिसरा हिस्सा द्यावा आणि उरलेल्या रकमेतून दहा वर्षे ग्रंथपालाचे मानधन आणि नवी पुस्तके, त्यानंतर पूर्णविराम. दहा वर्षांत गावाने आणि पंचायतीने ती जबाबदारी उचलावी.

मळा पणजी

सूचना चांगली आहे. त्या शाळांच्या खिडक्यांविषयी मात्र तुम्ही काही लिहिले नाही आणि मला शिक्षिका म्हणून तेच जाणून घ्यायचे आहे.

पोसरकार डिचोली

खेड्यांत वीज नव्हती, म्हणून शाळांचे नकाशेच उजेडावर बेतलेले होते. सुरुवातीचे नकाशे टस्कीगीत तयार झाले. उंच खिडक्या एकमेकींना लागून, ओळीने लावायच्या. इमारत अशी ठेवायची की वर्गात पूर्वेचा किंवा पश्चिमेचा उजेड येईल. आणि बाके अशी मांडायची की उजेड मुलांच्या डाव्या हाताकडून पडेल, म्हणजे लिहिणाऱ्या हाताची सावली पाटीवर येणार नाही. दोन वर्गांमधली भिंत सरकवता येई, त्यामुळे संध्याकाळी तिथेच गावाची सभा भरे.

रविवारी आमची बैठक झाली. पंचायतीला पत्र द्यायचे ठरले. वर्गणीची यादी फक्त खजिनदाराकडे राहील. काका आले होते. दहा वर्षांची गोष्ट त्यांनी लगेच मान्य केली नाही, विचार करतो म्हणाले. सुताराने वासे बदलण्याचा खर्च सांगितला, तेव्हा त्यांनी त्याला थांबवून विचारले की वाचायला मुले कुठल्या बाजूला बसतात. मुले पश्चिमेच्या भिंतीकडे बसतात, कारण पूर्वेची खिडकी गेली वीस वर्षे कपाटामागे झाकलेली आहे. काका उठून त्या कपाटाला खांदा लावू लागले. ते एकट्याला हलेना, मग आम्ही चौघे गेलो.